जहाजी डब्याचे फिरते शेतघर

शेतावर वस्ती करून राहणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. ज्वारी हुरड्यास आली की माळ्यावर जागावे, डाळिंबाची तोडणी सुरू झाली की बागेतच पाल ठोकावे, हा रिवाज जुना आहे. दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. ते तर चार-पाच महिने पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोपीतच संसार करतात. अशा वस्तीत उन्हापावसाचा, विंचूकाट्याचा व चोरीचा त्रास असतो. शिवाय हत्यारे, बियाणे, वजनकाटे व कागदपत्रे ठेवण्यास कोरडी, कुलूपबंद जागा मिळत नाही. हंगाम संपला की सारे मोडावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून उभारावे, असा क्रम चालू राहतो.

या अडचणीवर उपाय म्हणून जहाजावरून माल नेणारे जुने लोखंडी कंटेनर विकत घेऊन त्यांची घरे, कचेऱ्या व दुरुस्तीघरे बनविण्याचा प्रघात पडला आहे. डबा मजबूत, कुलूप लागणारा आणि उचलून दुसरीकडे नेता येणारा असतो. तेव्हा तो शेतात आणून ठेवला, वर सौरपट्ट्या बसविल्या आणि बाजूस पाण्याची टाकी लावली की स्वयंपूर्ण घर तयार झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. डबा मालासाठी केलेला आहे, माणसांसाठी नव्हे. जसाच्या तसा डबा शेतात ठेवून त्यात कुटुंब राहू लागले, तर वैशाखात ते भाजून निघते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून त्यास राहण्याजोगे कसे करावे, आणि तो कोणत्या बाबतीत खरोखर स्वयंपूर्ण होतो व कोणत्या बाबतीत होत नाही, हे पैसे गुंतविण्यापूर्वीच नीट समजून घेणे इष्ट आहे.

डब्याची ओळख

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅक्लीन या मोटारमालवाहतुकीच्या व्यावसायिकाची ती कल्पना होती. गोणी, पिंपे व खोकी हमालांकरवी एकेक चढविण्याऐवजी मालाने भरलेली पेटीच उचलून जहाजावर ठेवावी, इतकी ती साधी होती. पुढे १९६८ पासून या पेट्यांची आंतरराष्ट्रीय मापे ठरू लागली आणि जगभर एकाच मापाचा डबा फिरू लागला. महाराष्ट्रात न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यामुळे उरण-पनवेलच्या बाजूस कंटेनरांचे मोठमोठे तळ उभे राहिले. दहा-पंधरा वर्षे समुद्रावर काम केलेले डबे अशा तळांवरून विक्रीस निघतात.

शेतघरासाठी वीस फुटी डबा सोयीचा पडतो. त्याची बाहेरील लांबी सुमारे ६.०६ मीटर, रुंदी २.४४ मीटर व उंची २.५९ मीटर असते. आतील मोकळी जागा सुमारे ५.९ मीटर लांब व २.३५ मीटर रुंद, म्हणजे साधारण १५० चौरस फूट भरते. रिकाम्या डब्याचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते. चाळीस फुटी डबा पाहावयास ऐसपैस वाटला, तरी त्यास घेऊन जाणारा ट्रेलर गावच्या पाणंद रस्त्यावर वळत नाही. ज्यास डबा हलवावयाचा आहे त्याने त्या वाटेस जाऊ नये.

डब्याची ताकद कोठे असते हे कारागिराने व मालकाने दोघांनीही ध्यानात ठेवावे. चार कोपऱ्यांचे उभे खांब, वरच्या व खालच्या कडांचे आडवे रूळ आणि आठ कोपऱ्यांवरील पोलादी ठोकळे हा त्याचा सांगाडा होय. जहाजावर एकावर एक रचलेल्या डब्यांचा सर्व भार या खांबांवरूनच खाली जातो. बाजूच्या पन्हळी पत्र्याची जाडी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते, पण तो पत्राही सांगाड्यास तिरपे होऊ देत नाही. छपराचा मधला भाग मात्र फार भार घेत नाही. दोन माणसे चढली तरी एके ठिकाणी उभी राहू नयेत, इतपतच त्याची शक्ती असते. हजार लिटरची टाकी पाण्याने भरली की तिचे वजन एक टन होते. अशी टाकी डब्याच्या छपरावर मधोमध ठेवलेली अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. ती खाली उतरविणे हेच शहाणपणाचे.

खरेदी करताना

तळावर डबा पाहावयास जाताना दुपारची वेळ निवडावी. आत शिरून सोबत्यास बाहेर उभे करावे, दारे लावून घ्यावीत आणि अंधारात छपराकडे व भिंतींकडे पाहावे. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे छिद्र आहे. नंतर खाली वाकून तळाचे आडवे गर्डर तपासावेत. वरचा गंज रंगाखाली झाकता येतो, तळाचा गंज सहसा कोणी रंगवीत नाही. दारांभोवतालचे रबर फाटलेले नसावे व दारे सहज मिटावीत. दारे अडत असतील तर सांगाडा पिळला गेल्याची ती खूण समजावी.

याहून महत्त्वाची बाब तळाच्या लाकडाची. डब्याची जमीन सुमारे २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते. परदेशच्या लाकडातील कीड आपल्याबरोबर येऊ नये म्हणून त्या लाकडास कीटकनाशक चोळलेले असते, आणि मालासह डब्यास विषारी वायूची धुरीही दिलेली असते. दारावरील धातूच्या पट्टीवर लाकडास कोणते औषध लावले त्याची नोंद बहुधा सापडते. घेतलेला डबा आठवडाभर दोन्ही दारे सताड उघडी ठेवून वाऱ्यास लावावा. तळावर तेलकट डाग अथवा उग्र वास असेल तर त्या फळ्या बदलून टाकाव्यात. फळ्या चांगल्या असतील तर त्या रंध्यास लावू नयेत, कारण भुसा फुप्फुसात जातो. त्यांवर इपॉक्सी रंगाचे दोन हात देऊन वर सिमेंटचे पातळ तक्ते अंथरावेत. काढलेल्या फळ्या चुलीत घालण्याचा मोह ग्रामीण भागात होणारच. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्या धुरात औषधाचा अंश असतो. तीच गोष्ट जुन्या रंगाची. ग्राइंडर चालविताना उडणारी धूळ अपायकारक असल्याने कारागिराने नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधल्यावाचून काम करू नये आणि मुलांस जवळ येऊ देऊ नये.

छपरावर दुसरे छप्पर

डब्याच्या छपराचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस मीटर असते. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य आपल्या प्रदेशात जवळजवळ डोक्यावर येतो आणि निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट इतके ऊन पडते. म्हणजे दोन किलोवॅटच्या सात विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. गडद रंगाचा पत्रा अशा वेळी ६० अंशांच्या वर तापतो. दगडमातीच्या घरात उन्हाची धग आत पोहोचावयास संध्याकाळ होते. दोन मिलिमीटर पत्र्यास तितका अवकाश लागत नाही. पत्रा तापला की आतील माणसास वरून व बाजूंनी शेकल्यासारखे होते, पंखा लावला तर तो तीच गरम हवा फिरवीत राहतो. लहान मूल, वृद्ध मनुष्य अथवा बाळंतीण अशा डब्यात दुपारी झोपली असता उष्माघात होण्यास वेळ लागत नाही. वातानुकूलन यंत्र बसविण्याचा सल्ला शहरातून दिला जातो; परंतु त्याची विजेची भूक एवढी असते, की मग स्वयंपूर्णतेची गोष्टच सोडून द्यावी लागते.

यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे ऊन डब्यास लागूच न देणे. डब्याच्या छपरापासून दीड फूट अंतर सोडून त्यावर पन्हळी पत्र्याचे दुसरे छप्पर उभारावे. वरचा पत्रा तापला तरी मधल्या पोकळीतून वारा वाहत राहतो आणि धग निघून जाते. खालचा डबा सावलीत उभा राहतो. हे दुसरे छप्पर डब्याहून मोठे, म्हणजे सुमारे ७.२ मीटर लांब व ४.२ मीटर रुंद ठेवावे. डब्याची लांबी पूर्व-पश्चिम येईल असे बसवावे, म्हणजे सायंकाळच्या तिरप्या उन्हास फक्त अरुंद बाजू मिळते. छपराचा जादा भाग उत्तरेस काढला की तेथे साडेचार फूट रुंदीची पडवी होते. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येत असल्याने ही पडवी बहुतांशी कोरडी राहते, आणि उन्हाळ्यातही तिच्यात भर दुपारी बसता येते. उतार दक्षिणेकडे द्यावा. चार मीटर रुंदीत एक फूट पुरे. पश्चिमेच्या बाजूस दोन फूट अंतरावर मांडव घालून त्यावर दोडका, दुधी अगर वालाचा वेल चढवावा. वेल पत्र्यास चिकटू देऊ नये, कारण ओलीमुळे गंज चढतो.

या एकाच छपराने तीन कामे साधतात. ते सावली देते, पावसाचे पाणी गोळा करते आणि सौरपट्ट्यांस जागा देते. ज्यांना हात आखडता घ्यावा लागेल त्यांनी आतील शोभेचे तक्ते, कपाटे व रंगरंगोटी पुढच्या वर्षावर टाकावी, पण या छपरात कसूर करू नये.

मात्र यात एक धोका आहे, आणि तो पुष्कळदा कारागिराच्याही ध्यानात येत नाही. वळवाच्या वादळात वारा पडवीतून आत शिरून छपरास खालून उचलतो. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची उचल दर चौरस मीटरवर ९० किलोग्रॅमच्या घरात जाते. तीस चौरस मीटरच्या छपरावर ती अडीच टनांहून अधिक भरते. रिकामा डबाच सव्वादोन टनांचा आहे! याचा अर्थ असा, की चांगले घट्ट बसविलेले छप्पर मोकळ्या ठेवलेल्या डब्यालाच घेऊन कलंडू शकते. म्हणून छपराचे खांब डब्याच्या वरच्या चार कोपऱ्यांतील ठोकळ्यांत नट-बोल्टांनी आवळावेत, पडवीचे खांब जमिनीत रोवावेत आणि डब्याचे खालचे चारही कोपरे जमिनीत गाडलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांशी साखळीने किंवा पोलादी दोराने जखडावेत. वेल्डिंग करून छप्पर कायमचे जोडू नये, कारण डबा हलविताना ते उतरवावे लागणार आहे.

दारे, खिडक्या आणि आतील मांडणी

डब्याची मूळ दारे फक्त बाहेरून बंद होतात. आतून उघडण्याची सोय त्यांत नसते. मालास त्याची गरज नव्हती. पण आत माणूस असताना कोणी चुकून, थट्टेने अगर वाऱ्यामुळे दार लागून दांडा पडला, तर आतील माणूस अडकतो. जाड पत्र्यामुळे त्याची हाकही दूरवर ऐकू जात नाही. यास्तव राहते घर करण्यापूर्वी उत्तरेच्या बाजूस पडवीत उघडणारे, आतून कडी असलेले स्वतंत्र दार बसविणे ही पहिली अट समजावी. मूळ दारांचे दांडे दिवसा उघड्या स्थितीत कुलूप घालून ठेवावेत.

खिडक्या समोरासमोर, एक उत्तरेस व एक दक्षिणेस, अशा काढाव्यात. पत्रा कापण्यापूर्वी ५० मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी नळीची चौकट तयार ठेवावी आणि कापल्याबरोबर ती भोकाभोवती वेल्ड करावी. कोपऱ्याचे खांब आणि वरखालचे रूळ यांस ग्राइंडर लावू नये. हवा हवी म्हणून एक पूर्ण बाजूच कापून काढणे मोहाचे असते, परंतु असा डबा क्रेनने उचलताच मध्ये वाकतो. छतालगत दोन्ही टोकांस जाळी लावलेले झरोके ठेवावेत. गरम हवा तेथून निघून जाते.

आतून भिंतींस व छतास दोन इंच जाडीचे रॉकवूल अगर तत्सम न जळणारे साहित्य भरून वर सिमेंटचे तक्ते लावावेत. स्वस्त म्हणून थर्मोकोल वापरले जाते, पण ते ठिणगीने पेट घेते आणि त्याचा धूर कोंडतो. पावसाळ्यात व थंडीत आणखी एक गोष्ट घडते. चार माणसांच्या श्वासातून व घामातून रात्रभरात लिटरभराहून अधिक पाणी हवेत मिसळते. ते थंड पत्र्यावर दवासारखे जमून आतल्या आत ठिबकू लागते. डबा गळतो अशी तक्रार होते. बहुतेक वेळा ती गळती नसून झरोके चिंध्यांनी बुजविल्याचा परिणाम असतो.

आतील जागेचे दोन भाग पाडावेत. मूळ दारांकडचे आठ फूट कामासाठी असावेत. तेथे भिंतीस बिजागरीने लावलेले घडीचे टेबल, ठिबक संच व फवारणीपंप यांच्या दुरुस्तीची हत्यारे, वजनकाटा, बियाण्यांच्या उगवण चाचणीची ताटे व नोंदवह्या राहतील. उरलेले अकरा-बारा फूट राहण्यासाठी वापरावेत. मध्ये पक्की आडभिंत हवी, केवळ पडदा नको. आतील उंची तक्ते लावल्यावर साडेसात फुटांच्या आसपास उरते, म्हणून छताचा पंखा लावू नये. सदरा काढताना वर गेलेला हात पात्यास लागतो. भिंतीवरचे पंखे घ्यावेत.

कीटकनाशके व तणनाशके कामाच्या भागातही ठेवू नयेत. तापलेल्या बंद पेटीत त्यांची वाफ कोंडते आणि आडभिंतीच्या फटीतून ती झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध उघड्या शेतातही किती घातक ठरते ते तेव्हा दिसून आले. औषधांसाठी डब्यापासून दूर, सावलीत, कुलूप लागणारी वेगळी पेटी करावी. त्याचप्रमाणे चूल, शेगडी अगर कोळशाचे निखारे कोणत्याही कारणाने आत नेऊ नयेत. थंडीच्या रात्री उबेसाठी आत घमेले ठेवून दारे लावून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूस वास नसतो. स्वयंपाक पडवीत करावा. गॅसची टाकीही बाहेरच ठेवावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने डब्याच्या तळाशी साचून राहतो.

विजेचा हिशेब

समजा, चार माणसांची वस्ती आहे. ३० वॅटचे दोन पंखे १४ तास, ९ वॅटचे चार दिवे ५ तास, मोबाइल व एक लहान संगणक आणि फवारणीपंपाची बॅटरी, एवढा वापर धरला तर दिवसाला सुमारे सव्वा युनिट वीज लागते. तारांतील व बॅटरीतील घट मिळवून दीड युनिटापेक्षा थोडी अधिक धरावी. आपल्याकडे निरभ्र दिवशी एक किलोवॅट सौरपट्ट्या सुमारे चार युनिट वीज देतात. म्हणून ३३० वॅटच्या दोन पट्ट्या, म्हणजे ६६० वॅट, अडीच युनिट देऊन गरज भागवितात. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की हीच वीज एक युनिटाच्या खाली उतरते. अशा वेळी एकच पंखा चालवावा. पावसाळी हवेत तो फारसा जड जात नाही.

रात्रीचे पंखे व दिवे यांसाठी १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी एका रात्रीपुरती होते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर मरते, म्हणून तिच्या पाटीवर लिहिलेल्या शक्तीपैकी निम्मीच आपली समजावी. ढगाळ दिवसांकरिता दुसरी बॅटरी जोडून ठेवावी. बॅटऱ्या राहत्या भागात नकोत; चार्ज होताना त्यांतून ज्वालाग्राही वायू निघतो. एवढ्या संचावर वेल्डिंगचे यंत्र, पिठाची चक्की किंवा विहिरीवरचा पंप चालणार नाही. विक्रेता काहीही सांगो, पट्टीच्या वॅटांवरून हा गुणाकार ज्याने त्याने स्वतः करावा.

डबा लोखंडाचा असल्याने एका उघड्या तारेने सारी भिंत विजेची होते. डब्याच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांपासून जमिनीत स्वतंत्र अर्थिंग घ्यावे. २३० व्होल्टची जोडणी असेल तर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसविल्याविना ती सुरू करू नये. चांगले अर्थिंग असेल तर वीज कडाडत असताना डब्याच्या आत, भिंतीस न टेकता बसणे पडवीपेक्षा अधिक सुरक्षित असते.

पाण्याचा हिशेब

तीस चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की तीस लिटर पाणी मिळते. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या अवर्षणप्रवण भागातही हे पाणी १८,००० लिटर होते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १४,४०० लिटर उरते. माणशी दिवसाला २० लिटर याप्रमाणे चार माणसांस ८० लिटर लागतात, म्हणजे १८० दिवसांची बेगमी झाली! कागदावर हे फार चांगले दिसते. परंतु एवढे पाणी साठवावयाचे कोठे? दोन हजार लिटरच्या दोन टाक्या डब्याशेजारी बसविणे शक्य आहे, त्याहून अधिक टाक्या फिरत्या घरास पेलत नाहीत. त्या दोन टाक्यांतील चार हजार लिटर पाणी पन्नास दिवस पुरते. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यास थांबला तर मार्गशीर्षाच्या तोंडी टाक्या कोरड्या पडतात. त्यापुढे विहीर, कूपनलिका अगर टँकर यांवाचून गत्यंतर नाही. ज्या शिवारात उन्हाळ्यात पाण्याची शाश्वती नाही तेथे डबा नेऊन ठेवू नये, मग तो कितीही सुंदर सजविलेला असो.

पावसाळ्याच्या आरंभीचे पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊ नयेत, छपरावरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा त्यांबरोबर धुऊन जाऊ द्यावी. टाकीचे तोंड झाकणाने व बारीक जाळीने बंद ठेवावे, नाही तर डेंगीच्या डासांची पैदास तेथेच होते. पिण्याचे पाणी गाळून, उकळून अगर क्लोरीन टाकून वापरावे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी चरातून केळी व अळूस द्यावे. विंचू-सापाचे भय असल्याने ती पडवीपासून थोडी दूर लावावीत.

शौचालय डब्यात नसावे. आलटून पालटून वापरण्याचे दोन शोषखड्डे असलेले शौचालय हलक्या, उचलता येणाऱ्या आडोशात बांधावे व ते विहिरीपासून किमान १५ मीटर दूर ठेवावे. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. तेथे खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा लागतो. ऊसतोडीच्या फडावर स्त्रियांस पहाटेच्या अंधाराची वाट पाहावी लागते. हे ध्यानात घेतले तर राहण्याच्या डब्याआधी शौचालयाची सोय करणेच रास्त ठरेल.

बसविणे आणि हलविणे

काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ठेवलेला डबा वर्षभरात तिरपा होतो. जागेवरील वरची माती काढून मुरूम भरावा, धुम्मस करावा आणि चार कोपऱ्यांखाली दोन फूट चौरसाचे काँक्रीटचे अथवा घडीव दगडाचे पाट बसवावेत. सामानासह भरलेला डबा पाच टनांचा धरला तरी प्रत्येक कोपऱ्यावर सव्वा टनच येतो आणि एवढा पाट तो भार सहज पसरतो. डबा जमिनीपासून दीड फूट उंच असावा. खालून वारा खेळतो, गंज कमी चढतो आणि उंदीर-साप दडले तर दिसतात.

घराला चाके असोत वा नसोत, शेतजमिनीवर वस्ती करताना ग्रामपंचायत व महसूल कार्यालयाकडे परवानगीची चौकशी आधी करावी. डबा फिरता आहे, त्यास कोण विचारतो, या भरवशावर राहिलेल्यास पुढे दंड भरताना जड जाते.

वर्षातून एकदाही ज्यास जागा बदलावयाची नाही त्याने खरे म्हणजे डबा घेऊच नये. त्याच पैशात दगडमातीचे व कौलाचे अधिक थंड घर होईल. विखुरलेल्या खंडाच्या जमिनी कसणारे, गावोगाव मळणी व प्रतवारीची कामे घेणारे शेतकरी गट, आणि मजुरांच्या निवाऱ्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे असे कारखाने, यांनाच तो फायद्याचा होतो. त्यांनीही ट्रेलर व हायड्रा क्रेन यांचे जाण्यायेण्याचे भाडे दर फेरीस धरून हिशेब मांडावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वीस फुटी डबा चढवून नेणे अत्यंत धोक्याचे आहे. रस्त्याच्या एका खड्ड्यात तो कलंडतो. हलविण्याची वेळ मृगापूर्वी अगर दिवाळीनंतरची ठरवावी. मधल्या काळात ट्रेलर काळ्या चिखलात रुतला तर डबा, ट्रेलर व क्रेन तिन्ही शेतातच अडकून पडतात.

निघण्यापूर्वी टाक्या रिकाम्या कराव्यात, सौरपट्ट्या व वरचे छप्पर उतरवून डब्यात बांधून ठेवावे, गॅसची टाकी व बॅटऱ्या वेगळ्या वाहनातून न्याव्यात. ट्रेलरवर चढलेल्या डब्याची उंची चार मीटरच्या आसपास जाते. गावातील विजेच्या तारा कोठे लोंबतात हे आदल्या दिवशी चालत जाऊन पाहावे आणि शंका असेल तेथे वीज मंडळाच्या लाइनमनला बोलवावे. क्रेनचे आकडे चारही कोपऱ्यांच्या ठोकळ्यांतच अडकवावेत, खिडकीच्या चौकटीस कधीही नाही. उचलताना आत कोणी नसावे, आणि डबा लोंबत असताना त्याखाली हात घालून पाट सरळ करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. नव्या जागी डबा टेकला की प्रथम मूळ दारे उघडून पाहावीत. ती अडली तर एखादा कोपरा खचलेला असतो. डबा पुन्हा उचलवून त्या कोपऱ्याखाली लोखंडी पट्टी सारावी, दारे मोकळी उघडमीट होऊ लागली की साखळ्या आवळाव्यात, आणि त्यानंतरच छपराच्या कामास हात घालावा.